प्रोजेक्टर सगळ्यात शेवटी: घरातली जुनी फिल्म-रिळं वाचवायची आणि बघायची कशी

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे आत्या, बहिणी, सगळ्या माहेरी आलेल्या. कुणीतरी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली आणि तिच्यात नानांची सुपर ८ ची, म्हणजे घरगुती चित्रणाच्या ८ मिमी रुंद फिल्मची, रिळं निघाली. प्रोजेक्टर कपाटात होताच. अर्ध्या तासात भिंतीवर चादर ताणली, रीळ चढवलं, बटण दाबलं. चित्र दिसलं, मग थरथरायला लागलं, टकटक आवाज येऊ लागला. आता स्थिर होईल, मग होईल, म्हणून आम्ही बघत राहिलो. बंद केलं तेव्हा बारा फूट फिल्मची छिद्रं एका कडेनं चिरत गेली होती. बारा फूट म्हणजे सुपर ८ चे ४८ सेकंद. त्या ४८ सेकंदांत निंबाला बांधलेला झोका होता आणि झोक्यावर आजी होती.

त्यानंतर ओळखीच्या घरांमधून जळगाव, धुळे, शहादा अशा ठिकाणची बरीच रिळं हाताखालून गेली. जवळजवळ प्रत्येक घरात चूक एकच दिसली: रीळ सापडलं की आधी प्रोजेक्टर शोधायचा. क्रम नेमका उलटा हवा. आधी वास, मग मोजमाप, मग दुरुस्ती, मग स्कॅनिंग, आणि प्रोजेक्टर सगळ्यात शेवटी. तोही प्रत्येक रिळाच्या नशिबी नसतो.

१. ऋतू, खोली आणि टेबल

हे काम दिवाळीनंतर ते माघापर्यंत करा. आपल्याकडे तेव्हा हवा कोरडी आणि थंड असते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा जुनी फिल्म कडक होते, वळते आणि हाताळताना मोडते. आषाढ-श्रावणात हवेतला ओलावा फिल्मवरचा जिलेटिनचा थर शोषून घेतो, तो थर मऊ पडतो आणि बोट लागलं तरी ठसा उमटतो.

उन्हाळ्यात काम करावंच लागलं तर कूलर बंद ठेवा. गारवा हवा म्हणून कूलरच्या झोतासमोर रिळं उघडून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. कूलरचा वारा थंड असला तरी ओला असतो. त्यापेक्षा पहाटेची वेळ बरी.

टेबलावर धुतलेली पांढरी चादर नको, तिचे तंतू सुटतात. गुळगुळीत सनमायका किंवा काच पुसून घ्या. जिनिंगच्या हंगामात गावात कापसाचे तंतू उडतात, खिडक्या लावून घ्या. पंखा बंद.

जवळ ठेवायचं सामान: नायट्राइलचे हातमोजे, छायाचित्रकार वापरतात ते दहापट दाखवणारं भिंग, सुताराची स्टीलची मोजपट्टी (शिंप्याची टेप ताणली जाते, ती चालत नाही), पांढरी लीडर फिल्म (रिळाच्या टोकांना जोडायची कोरी फिल्म), फिल्म जोडायची पारदर्शक चिकटपट्टी आणि तिचं जोडयंत्र, हवा मारायचा रबरी फुगा, आणि हातानं फिरवायचे दोन रिवाइंडर (रीळ गुंडाळायची चक्रं). लीडर, चिकटपट्टी आणि जोडयंत्र ऑनलाइन मिळतात. ते हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका.

२. आधी वास घ्या, मग ओळख पटवा

डबा उघडताच नाक जवळ न्या. चायनीजच्या गाडीवर येतो तसा व्हिनेगरचा आंबट वास आला, तर फिल्मचा पाया, म्हणजे चित्राच्या थराखालची ॲसिटेट प्लास्टिकची पट्टी, कुजायला लागला आहे. त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची कूज वाढवतं. एकदा वेग धरला की ती थांबवता येत नाही, फक्त मंद करता येते. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असताना ताज्या ॲसिटेटला इथवर यायला साधारण ४० वर्षं लागतात, असं गणित आहे. धाब्याच्या छपराखाली किंवा पत्र्याखाली तापलेल्या माळ्यावर तेवढी मुदत मिळत नाही.

> इशारा: आंबट वासाचं रीळ त्याच क्षणी इतरांपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवा. त्याच्या वाफेनं शेजारची चांगली रिळं लवकर बिघडतात. पण फेकू नका. स्कॅनिंगच्या रांगेत त्याचाच नंबर पहिला.

वास पक्का कळत नसेल तर ए-डी स्ट्रिप नावाच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात. पट्टी रिळासोबत बंद डब्यात ठेवायची. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर कूज सुरू, पिवळी झाली तर वेळ फार कमी.

आता ओळख. फिल्म उजेडासमोर धरा आणि छिद्रं बघा:

- साधी ८ मिमी (१९३२ पासून): छिद्र मोठं, दोन फ्रेमच्या (फिल्मवरच्या एकेका चित्राच्या) मधल्या रेषेवर. रिळाच्या मधलं भोक लहान.
- सुपर ८ (१९६५ पासून): छिद्र लहान, फ्रेमच्या बाजूला बरोबर मध्यावर. रिळाचं भोक मोठं. कडेला तपकिरी पट्टा दिसला तर त्यावर आवाज आहे. चित्रणासोबतच आवाज टिपायची सोय १९७३ पासूनची.
- १६ मिमी (१९२३ पासून): रुंदी दुप्पट. मूकपटाला सहसा दोन्ही कडांना छिद्रं असतात, आवाजाच्या फिल्मला एकाच कडेला.

साधी ८ आणि सुपर ८ यांची रुंदी सारखीच असते, म्हणून घोळ होतो. साधी ८ सुपर ८ च्या प्रोजेक्टरवर चढवली की पहिल्याच फुटाला छिद्रं फाटतात.

एखादं सुपर ८ चं बंद काळं कार्ट्रिज सापडलं आणि त्याच्या खिडकीतल्या फिल्मवर इंग्रजीत ‘एक्सपोज्ड’ छापलेलं दिसलं, तर ती फिल्म चित्रित झाली आहे पण धुतलेली नाही. ती उजेडात ओढू नका. कोडॅक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) असेल तर तिची रंगीत धुलाई जगात कुठेच होत नाही. शेवटच्या प्रयोगशाळेनं २०१० च्या डिसेंबरअखेर नवी रिळं घेणं बंद केलं. कृष्णधवल धुलाई मात्र अजून करून मिळते.

प्रत्येक रिळाला क्रमांक द्या आणि वहीत नोंद करा: क्रमांक, प्रकार, वास, डब्यावरचा मजकूर जसाच्या तसा. ‘शिरपूर लग्न, दोन नंबर’ असं पेन्सिलीनं लिहिलेलं खोकं पुढे फार मोलाचं ठरतं. आमच्याकडे एका ठिकाणाहून रिळं नव्या चकचकीत डब्यांत परत आली आणि नानांच्या अक्षरातली जुनी खोकी कचऱ्यात गेली. म्हणून खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो आधी काढा आणि मूळ खोकी घरीच ठेवा.

३. फिल्म किती आकसली ते मोजा

सगळ्यात जास्त लोक टाळतात ती ही पायरी. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते केलं असतं तर आमचा झोका वाचला असता.

जुनी फिल्म लांबीत आकसते. छिद्रांमधलं अंतर कमी होतं आणि प्रोजेक्टरचा पंजा, म्हणजे छिद्रात अडकून फिल्म पुढे ओढणारा दात, छिद्राऐवजी काठावर आदळतो. रिळाच्या सुरुवातीचा थोडा भाग सोडून फिल्म टेबलावर सपाट ठेवा. एका छिद्राच्या वरच्या कडेपासून पुढे १०० अंतरं मोजा, म्हणजे १०१ व्या छिद्राच्या वरच्या कडेपर्यंत. नव्या फिल्मला ही लांबी अशी असते:

- सुपर ८: ४२३ मिमी
- साधी ८: ३८१ मिमी

> तपासा: ३ मिमी किंवा त्याहून जास्त कमी भरली, तर ते रीळ प्रोजेक्टरवर कधीही चढवायचं नाही. आकसणं ०.८ टक्क्यांच्या आसपास गेलं की छिद्रं फाटायला लागतात. अशा रिळाला फक्त छिद्रांचा पंजा न वापरणारा, रबरी रोलरवर चालणारा स्कॅनर चालतो.

रिळाच्या सुरुवातीला एकदा मोजा आणि आतल्या भागात पुन्हा एकदा. बाहेरचे वेढे चांगले आणि आतले आकसलेले, असंही बरेचदा असतं.

४. हातानं उलगडत शेवटपर्यंत बघा

रीळ एका रिवाइंडरवर, रिकामं रीळ दुसऱ्यावर. हळू फिरवा. फिल्म कडेनंच धरा, अंगठा आणि तर्जनी यांच्यात अलगद. चकचकीत बाजू पायाची, मंद दिसणारी बाजू चित्राची. चित्राच्या बाजूला मोज्यातलं बोटसुद्धा लावायचं नाही. कडेवरून बोट सरकत गेलं की तुटलेली छिद्रं, चिरा, वर आलेले जोड हाताला कळतात.

कुठे काय आहे ते वहीत लिहा. फुटांत लिहिता आलं तर उत्तम, नाहीतर ‘सुरुवातीपासून तिसरा जोड’ असंही चालतं.

इथे एक सवय मोडा. सैल गुंडाळलेलं रीळ घट्ट व्हावं म्हणून टोक धरून ओढतात. त्यात वेढे एकमेकांवर घासतात आणि अडकलेली धूळ चित्रावर ओरखडे काढते. हे ओरखडे पुसले जात नाहीत. सैल रीळ पूर्ण उलगडून पुन्हा समान ताणानं गुंडाळायचं.

वेढे एकमेकांना चिकटले असतील तर थांबा. नखानं सोडवायला गेलात की चित्राचा थर सोलून येतो. तापीच्या किंवा गिरणेच्या पुराचं पाणी लागलेल्या घरांतली रिळं अशी असतात. ती तशीच जाणकाराकडे न्या.

बुरशीचे पांढरे धागे ओले, चिकट दिसले तर पुसू नका, त्यानं बुरशी पसरते. रीळ सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन-चार दिवस बंद डब्यात ठेवा. बुरशी भुकटीसारखी कोरडी झाली की मास्क लावून, अंगणात, मऊ ब्रशनं झटका. कुरडया-पापडासारखी फिल्म उन्हात वाळत घालू नका. मी हे एका घरात गच्चीवर बघितलं आहे. दुपारपर्यंत फिल्म शेवेसारखी वळली होती.

५. जोड आणि फाटकी छिद्रं

दोन्ही टोकांना निदान चार-पाच फूट नवी लीडर जोडा. यंत्रात ओढाताण होते ती लीडरची झाली पाहिजे.

जुन्या फिल्म-सिमेंटच्या (फिल्म जोडायच्या द्रवाच्या) जोडांतला डिंक वाळून ते सुटतात. तिथे जोडयंत्रात फ्रेमच्या रेषेवर सरळ जुळवा आणि फिल्मचीच चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावा. शक्यतो एकही फ्रेम कापू नका. स्टेशनरीची सेलोटेप नको. तिचा चिकटा पाझरतो आणि वेढे एकमेकांना धरतात. जुनी सेलोटेप आधीच लागलेली असेल तर ती खसकन ओढू नका, चित्रही सोबत निघेल. एका लग्नाच्या रिळात मला स्टेपलरची पिन सापडली होती. अशी एक पिन स्कॅनरची काच आणि पुढची सगळी फिल्म खरवडून टाकते.

६. साफसफाई: कमी केली तेवढी बरी

पाणी नाही. रॉकेल नाही. खोबरेल नाही. मेडिकलमधलं स्पिरिट आणि सॅनिटायझरही नाही, त्यांत पाणी आणि इतर द्रव्यं असतात. जिलेटिनला पाणी लागलं की ते फुगतं.

आधी फुग्यानं धूळ उडवा. मग स्वच्छ मायक्रोफायबरच्या कापडात फिल्म अलगद धरून रिवाइंडर हळू फिरवा आणि दर थोड्या फुटांनी कापडाची जागा बदला. बहुतेक रिळांना एवढं पुरतं. बोटांचे तेलकट डाग राहिलेच तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर अगदी थोडं घ्या, फिल्मवर ओतू नका, आणि वेढा बसण्याआधी ते उडून जाईल इतकं हळू फिरवा. आधी लीडरजवळच्या दोन इंचांवर करून बघा. खिडकी उघडी हवी. देवघरातला दिवा, गॅस जवळ नको.

> इशारा: आवाजाचा तपकिरी पट्टा असलेल्या फिल्मला कोणतंही द्रव लावू नका. पट्टा सुटून येऊ शकतो.

७. स्कॅनिंग: काय मागायचं

भिंतीवर पाडलेलं चित्र मोबाइलनं टिपणं हे स्कॅनिंग नव्हे. चित्र लुकलुकतं, मध्यभाग पांढरा पडतो, आणि त्यासाठी नाजूक रीळ प्रोजेक्टरमधून न्यावं लागतं. घरगुती छोटे स्कॅनर निरोगी रिळांना कामचलाऊ असतात, पण त्यांचा पंजाही छिद्रांत अडकतो. तिसऱ्या पायरीत नापास झालेलं रीळ त्यांवर नको.

प्रयोगशाळेला फोन करून हे विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या:

१. प्रत्येक फ्रेम वेगळी टिपता का? यंत्र छिद्रांच्या पंजावर चालतं की रोलरवर?
२. ८ मिमीसाठी २के (सुमारे दोन हजार बिंदू रुंद) रिझोल्यूशन मिळेल का? एवढं बहुतेक वेळा पुरतं.
३. फ्रेमच्या कडेचा थोडा जादा भाग टिपाल का? कापलेली कड परत आणता येत नाही.
४. मूळ फाइल प्रोरेस ४२२ एचक्यूसारखी कमी दाबलेली द्याल का, आणि सोबत बघण्यापुरती एमपी४?
५. स्वतःहून रंग भडक करणार नाही, फिल्मचे बारीक दाणे पुसणार नाही, हे मान्य आहे का? लाल-गुलाबी पडलेल्या फिल्मचे रंग नंतर सुधारता येतात. मूळ प्रत मात्र जशी आहे तशी हवी.
६. रीळ, लीडर, सगळं परत मिळेल का?

रिळं शक्यतो हातानं न्या. मुंबईला किंवा पुण्याला रात्रीच्या गाडीनं जा आणि पिशवी मांडीवर ठेवा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत रिळं ठेवून जेवायला उतरू नका. सगळी रिळं एका फेरीत देऊ नका. आधी एक द्या, काम बघा, मग बाकीची.

रिळात घराबाहेरचं काही असेल, म्हणजे अमळनेरच्या सखाराम महाराजांचा रथ, सारंगखेड्याचा घोडेबाजार, सुरू असलेली कापड गिरणी, तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आणि मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला पत्र लिहून विचारा. अशा चित्रणाला घराबाहेरही किंमत असते.

८. फायली आल्या की आधी वेळ तपासा

५० फुटी सुपर ८ रिळात ३,६०० फ्रेम असतात. सेकंदाला १८ फ्रेम धरल्या तर ३ मिनिटं २० सेकंद. साध्या ८ च्या ५० फुटांत ४,००० फ्रेम, सेकंदाला १६ धरल्या तर ४ मिनिटं १० सेकंद.

> तपासा: ५० फुटी सुपर ८ ची फाइल २ मिनिटं २४ सेकंदांची आली, तर ती २५ च्या वेगानं केली आहे.

आमची पहिली फाइल अशीच आली. नाना अंगणातून पळत जात होते. ते आयुष्यात कधी घाईनं चालले नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. पुन्हा स्कॅन करावं लागलं नाही. फ्रेम सगळ्या होत्या, फाइलचा वेग १८ करून घेतला आणि नाना त्यांच्या चालीनं चालू लागले. आवाजाची फिल्म कधी १८ तर कधी २४ वेगाची असते. ती कानानं ठरवा.

मग डावं-उजवं बघा: दुकानाची पाटी वाचता येते का, पदर कोणत्या खांद्यावर आहे. आमच्याकडची नऊवारी डाव्या खांद्यावर असते, उलटी दिसली तर फिल्म उलट्या बाजूनं स्कॅन झाली आहे. गुजराती पद्धतीच्या साडीत मात्र पदर उजवीकडे येतो, त्यामुळे नंदुरबार भागात पाटीवरच भिस्त ठेवा.

प्रती तीन करा: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाबहिणीकडे. तिसरी क्लाउडवर. डीव्हीडीवर विसंबू नका. व्हॉट्सॲपनं पाठवलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे, ती चेपलेली असते. दरवर्षी एक तारीख ठरवून डिस्क जोडा आणि फायली उघडून बघा.

९. मूळ रीळ जपून ठेवा

स्कॅन झालं म्हणून रीळ टाकू नका. उद्या चांगला स्कॅनर आला तर कामाला तेच येईल.

माळा नको, पत्र्याखाली नको, मोरीच्या भिंतीला लागून नको, जमिनीवरही नको. जाड मातीच्या भिंतींच्या जुन्या घरात तळमजल्यावरची मधली खोली सगळ्यात गार असते. तिथल्या कपाटात, कमरेच्या उंचीवर. गंजलेले पत्र्याचे डबे बदला आणि थोडी हवा खेळेल असे पॉलिप्रॉपिलीनचे डबे घ्या. रिळं आडवी ठेवा. डांबर गोळ्या घालू नका, त्यांची वाफ फिल्मवर जमते. खोलीत ठेवायचं रीळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आम्ल आतच कोंडतं.

आंबट रीळ फ्रिजमध्ये ठेवायचं तर पद्धत वेगळी. दोन झिपच्या पिशव्या, मध्ये सिलिका जेल, आणि दाराच्या कप्प्यात न ठेवता आत. बाहेर काढल्यावर पिशवी किमान एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं.

१०. वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून बघा

फाइल टीव्हीवर लावा, मोबाइल टेबलावर ठेवून आवाज रेकॉर्ड करा, आणि थांबवत थांबवत बघा. हे प्रोजेक्टरवर जमत नाही, तिथे फ्रेम थांबवली की दिव्यानं फिल्म वितळते. हे लांबवू नका. रीळ थंड जागी दहा वर्षं थांबेल, पण नव्वदीतली आत्या थांबेलच असं नाही.

‘हे कोण?’ एवढंच विचारू नका. घर कुणाचं, विहीर कुठली, बैलांची नावं काय, त्या दिवशी जेवायला काय होतं, असं विचारा. त्या ज्या भाषेत बोलतात त्याच भाषेत बोलू द्या. माझी आत्या तासभर शुद्ध मराठीत नावं सांगत होती. मग पडद्यावर एक पोरगा झोका देताना दिसला आणि ती एकदम अहिराणीत बोलली, “हाऊ ते मना भाऊ शे!” (हा तर माझा भाऊ आहे!) तो भाऊ बाराव्या वर्षी गेलेला, त्याचा एकही फोटो घरात नव्हता. चिरलेल्या बारा फुटांच्या अगदी पुढची ती फ्रेम होती.

बोलणं झालं की त्याच रात्री वहीत मिनिट-सेकंदासह नावं उतरवा.

११. आता हवाच असेल तर प्रोजेक्टर

वास नाही, आकसणं ३ मिमीच्या आत, जोड पक्के, प्रत तयार: या चारही अटी पुऱ्या झालेलंच रीळ चढवायचं.

आधी यंत्राच्या पाठीवरची पाटी वाचा. बाहेरून आणलेले काही प्रोजेक्टर ११० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टवर ते तसेच लावले तर जळतात. आतला रबरी पट्टा चिकट काळा लगदा झालेला असतो, तो बदला. जिथून फिल्म जाते ते गेट आणि पंजा कापसाच्या काडीनं स्वच्छ करा. यंत्र दहा मिनिटं रिकामं चालवा, मग फक्त लीडर घालून चालवा. लीडरवर नवा ओरखडा उठला तर गेट पुन्हा साफ करा. वीज खाली-वर होत असेल त्या रात्री बेत रद्द करा.

चालू असताना एकानं यंत्रापाशीच बसायचं, हात बटणावर. टकटक ऐकू आली किंवा चित्र थरथरलं तर त्याच क्षणी बंद. संपल्यावर रीळ हातानं उलटं गुंडाळून डब्यात ठेवा आणि वहीत तारीख लिहा. दिवा बंद केल्यावर पंखा पाच मिनिटं चालू राहू द्या, मगच प्लग काढा.